चॅम्पियन आहे म्हटल्यावर आणखी काय पाहायचे? कोसेई इनोउए यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

फोंड्यातील आमच्या ज्युदो वर्गाला येत्या जूनपासून नवा मुख्य प्रशिक्षक नेमायचा असून त्यासाठी दोन नावे पुढे आली आहेत. पहिले नाव सांगे तालुक्यातील आमच्याच एका विद्यार्थिनीचे आहे. ती 25 वर्षांची आहे, राष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळवून तिने नुकतेच खेळणे थांबवले आहे. दुसरे नाव माझ्या ज्या एका सहकाऱ्यांचे आहे त्यांना राज्य पातळीपलीकडे कधी पदक मिळाले नाही, पण बारा वर्षांखालील मुलांना पडायला, उठायला आणि पुन्हा पडायला शिकवण्याचे काम त्यांनी गेली सहा वर्षे न कंटाळता केले आहे. पालकांच्या बैठकीत बहुतेकांचा कल पहिल्या नावाकडे होता. "चॅम्पियन आहे म्हटल्यावर आणखी काय बघायचं, सर?" असे एका पालकांनी विचारले आणि मला त्याचे उत्तर तिथल्या तिथे देता आले नाही. तेव्हा समितीने हे काम माझ्यावरच सोपवले आणि एखादे पूर्ण प्रकरण तपासून लेखी टिपण आणण्यास सांगितले.

मी जपानचे प्रकरण निवडले. ज्युदोचा जन्म तिथे झाला हे त्याचे कारण नव्हे. एकाच महासंघात, जवळपास एकाच काळात, तीन जगज्जेते राष्ट्रीय संघांचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि तिघांची फळे अगदी वेगवेगळी निघाली, असा योग दुसरीकडे सापडणे कठीण आहे. शिनिची शिनोहारा 1999 साली बर्मिंगहॅमच्या जागतिक स्पर्धेत 100 किलोंवरील आणि खुल्या अशा दोन्ही गटांत विजेते होते. र्‍युजी सोनोदा 1993 साली 60 किलो गटात जगज्जेते होते. कोसेई इनोउए 100 किलो गटात तीन वेळा जगज्जेते आणि एकदा ऑलिंपिक विजेते होते. पदकांच्या कपाटाकडे पाहून या तिघांतून प्रशिक्षक निवडायला सांगितले असते, तर कोणालाही नाकारता आले नसते. म्हणूनच फरक कपाटाबाहेर कुठे होता, हे शोधणे भाग आहे.

खेळाडू इनोउए

इनोउए यांचा जन्म 15 मे 1978 रोजी क्युशू बेटावरील मियाझाकी प्रांतात झाला. वडील पोलीस खात्यात होते आणि ज्युदो शिकवत. पाचव्या वर्षापासून मुलगा त्यांच्या हाताखाली तयार झाला. पुढे तो तोकाई विद्यापीठात गेला. यासुहिरो यामाशिता याच विद्यापीठाचे. 1984 चे ऑलिंपिक सुवर्ण, सलग 203 लढतींत अपराजित आणि सलग नऊ वेळा अखिल जपान विजेतेपद ही त्यांची कामगिरी, आणि 1992 ते 2000 या काळात जपानच्या पुरुष संघाचे प्रशिक्षकही तेच होते. म्हणजे चॅम्पियनने राष्ट्रीय प्रशिक्षक होणे ही जपानी ज्युदोची जुनी वहिवाट आहे आणि इनोउए त्याच वहिवाटीत वाढले.

1999 मध्ये त्यांच्या आईचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी पहिले जागतिक विजेतेपद मिळवले आणि पुढच्या वर्षी सिडनीत प्रत्येक लढत इप्पॉनने, म्हणजे पूर्ण गुणाने, जिंकून सुवर्णपदक घेतले. अंतिम फेरीत त्यांनी कॅनडाच्या निकोलस गिल यांना उचीमाताने फेकले आणि पदक स्वीकारताना आईची तसबीर हातात धरली. ज्युदो पाहणाऱ्या कोणालाही ते दृश्य सांगावे लागत नाही.

उचीमाता हा डाव न पाहिलेल्या पालकांसाठी थोडे सांगतो. प्रतिस्पर्ध्याला पुढे ओढून त्याचा तोल पंज्यांवर आणायचा, पाठ वळवून त्याच्या जवळ शिरायचे आणि आपली मांडी त्याच्या दोन्ही मांड्यांमधून मागे-वर उचलत त्याला फिरवून पाठीवर आपटायचे. एका पायावर उभे राहून हे करावे लागते. म्हणून वेळ एका क्षणाने चुकली तर फेकणाराच फेकला जातो. इनोउए यांची उचीमाता येणार हे समोरच्याला ठाऊक असे आणि तरीही ती थांबवता येत नसे. 2001 व 2003 मध्येही ते जगज्जेते झाले. 2001, 2002 आणि 2003 अशी तीन वर्षे त्यांनी अखिल जपान स्पर्धाही जिंकली. या स्पर्धेत वजनाची मर्यादा नसते आणि शंभर किलोंच्या माणसाला कितीतरी जड मल्लांशी झुंजावे लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या तीन वर्षांचे मोल कळते.

इथपर्यंतची कथा सगळ्यांना आवडते आणि आमच्या पालकांच्या मनात 'चॅम्पियन' या शब्दाबरोबर जे चित्र उभे राहते ते एवढेच असते.

2004 ते 2008

अथेन्स ऑलिंपिकला इनोउए संपूर्ण जपानी पथकाचे कर्णधार म्हणून गेले. उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सच्या एल्को व्हान डेर गेस्ट यांनी त्यांना हरवले. कांस्यपदकाची वाट अजून खुली होती, पण पुढे अझरबैजानच्या मोवलुद मिरालियेव यांनीही हरवले आणि कर्णधार रिकाम्या हाताने परतला. त्याच ऑलिंपिकमध्ये 100 किलोंवरील गटाचे सुवर्ण केइजी सुझुकी यांनी जिंकले. त्या वर्षीच्या अखिल जपान अंतिम लढतीत इनोउए यांना हरवणारेही सुझुकीच होते. हे नाव लक्षात ठेवावे, कारण आठ वर्षांनी ते पुन्हा येणार आहे.

जानेवारी 2005 मध्ये कानो चषक स्पर्धेत त्यांच्या उजव्या छातीचा मोठा स्नायू फाटला. ज्युदोगीची, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाची, पकड ओढण्याचे सारे बळ ज्या स्नायूतून येते तो हाच. बरे होऊन ते वरच्या वजनगटात उतरले. 2007 च्या रिओ दि जानेरोतील जागतिक स्पर्धेत फ्रान्सच्या अठरा वर्षांच्या टेडी रिनेर यांच्याकडून हरले. एप्रिल 2008 मधील अखिल जपान स्पर्धेत पराभूत झाल्यावर बीजिंग ऑलिंपिकची दारे बंद झाली आणि त्यांनी खेळणे थांबवले. वय होते एकोणतीस.

या चार वर्षांकडे मी प्रशिक्षणाच्या दृष्टीने पाहतो. ज्याला कायम जमत आले आहे त्याला न जमणाऱ्या मुलाची अडचण दिसत नाही. त्याचे मन वाईट असते असे नव्हे, ती अडचण त्याच्या अनुभवातच नसते. आपला हुकमी डाव जगाने अभ्यासलेला आहे, शरीर साथ देत नाही आणि तरी सोमवारी सकाळी मॅटवर उतरायचे आहे, ही अवस्था इनोउए यांनी चार वर्षे भोगली. यशाच्या पाच वर्षांनी त्यांना नाव दिले. प्रशिक्षकाला लागणारे बरेचसे साहित्य मात्र उतरणीच्या चार वर्षांत जमा झाले, असे माझे मत आहे. अर्थात उतरण बहुतेक सगळ्याच खेळाडूंच्या वाट्याला येते आणि तेवढ्याने कोणी प्रशिक्षक होत नाही. शिनोहारा यांनीही सिडनीच्या अंतिम फेरीत डेव्हिड डुये यांच्याविरुद्ध वादग्रस्त निर्णयाने सुवर्ण गमावण्याचे दुःख पचवले होते.

विद्यार्थी म्हणून दोन वर्षे

निवृत्तीनंतर इनोउए यांना लगेच संघ मिळाला नाही. जपानी ऑलिंपिक समितीच्या परदेशी प्रशिक्षण योजनेतून ते 2009 पासून दोन वर्षे ब्रिटनमध्ये राहिले. ब्रिटनमध्ये ज्युदो जुना आहे, लंडनचा बुडोक्वाई क्लब 1918 चा. पण तिथला ज्युदो जपानसारखा विद्यापीठांच्या आणि पोलीस दलांच्या आधारावर उभा नाही. कामावरून सुटलेली माणसे संध्याकाळी क्लबात येतात, वर्गणी भरतात, दीड तास खेळतात आणि घरी जातात.

ज्याच्या एका नजरेवर जपानमध्ये खोली शांत होत असे, त्याला तिथे परकी भाषा शिकत, चुकत, विचारत आपले म्हणणे समजावून सांगावे लागले. जपानी वर्गात 'असे कर' म्हणून एकदा करून दाखवले की विद्यार्थी हजार वेळा करतो. 'असेच का?' हा प्रश्न तिथे क्वचितच येतो. युरोपात तो पहिल्या दिवशी येतो. त्याचे उत्तर शब्दांत द्यायचे तर आधी आपल्याच डावाची मोडतोड करून तो स्वतःला समजावून घ्यावा लागतो.

माझी एक चूक इथे नोंदवतो. मी बुटका आहे, माझा डाव सेओई-नागे, म्हणजे समोरच्याला खांद्यावरून फेकण्याचा. पहिली आठ-नऊ वर्षे मी प्रत्येक मुलाला तोच डाव शिकवला, कारण मला तोच आतून कळत होता. केपेचा एक उंच, लांब पायांचा मुलगा तीन वर्षे माझ्याकडे गुडघे वाकवून माझी नक्कल करत राहिला आणि एकही स्पर्धा न जिंकता निघून गेला. बेळगावच्या एका वर्गात त्याला पायांचे डाव शिकवले गेले आणि पहिल्याच वर्षी त्याने पदक आणले. त्याच्या आईने मला फोन करून पेढे पाठवते म्हणून सांगितले. त्या पेढ्यांची चव मला अजून आठवते.

2012: एका संघाचे दोन पेच

लंडन ऑलिंपिकमध्ये जपानच्या पुरुष ज्युदो संघाला एकही सुवर्ण मिळाले नाही. 1964 मध्ये टोकियोत ज्युदोचा ऑलिंपिकमध्ये समावेश झाल्यापासून असे प्रथमच घडले होते. दोन रौप्य, दोन कांस्य एवढीच पुरुषांची कमाई होती. देशाचे एकमेव ज्युदो सुवर्ण महिलांच्या 57 किलो गटात काओरी मात्सुमोतो यांनी मिळवले. पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक शिनोहारा पायउतार झाले आणि नोव्हेंबर 2012 मध्ये 34 वर्षांच्या इनोउए यांच्याकडे संघ आला. ते काही बाहेरून आलेले तारणहार नव्हते. 2011 पासून ते त्याच प्रशिक्षकवर्गात होते आणि लंडनच्या अपयशात त्यांचाही वाटा होता.

त्यांना येऊन तीन महिने होत नाहीत तोच दुसरा, अधिक गंभीर पेच उघड झाला. राष्ट्रीय पातळीवरील पंधरा महिला खेळाडूंनी महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक सोनोदा यांच्याविरुद्ध मारहाण आणि अपमानास्पद वागणुकीची तक्रार केली होती. थपडा मारणे, बांबूच्या तलवारीने फटके देणे असे प्रकार त्यात होते. जानेवारी 2013 अखेर सोनोदा यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महासंघाचे अध्यक्ष हारुकी उएमुरा यांनाही जावे लागले, आणि तेही 1976 चे ऑलिंपिक विजेते होते.

आपल्याकडे पोराला दोन फटके दिल्याशिवाय खेळाडू घडत नाही असे म्हणणारे आजही भेटतात. माझ्या वर्गात मुलगा सोडताना 'हवं तर मारा, सर' असे सांगून जाणारे वडील मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी एवढेच लिहितो की सोनोदा यांना ज्युदो येत नव्हता असे कोणीही म्हणू शकत नाही. त्यांना जे शिकवले गेले तेच त्यांनी पुढे चालवले असावे. स्वतःच्या घडणीकडे प्रश्नचिन्ह लावून पाहण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही किंवा कोणी आणली नाही, आणि मला मुख्य फरक इथे दिसतो.

नऊ वर्षांत काय केले

इनोउए यांनी 2012 ते 2021 अशी नऊ वर्षे संघ सांभाळला. त्यांच्या कामाचा तपशील मोठा आहे. आमच्या प्रश्नाला उपयोगी पडेल तेवढाच इथे घेतो.

पहिली गोष्ट त्यांनी नेमलेल्या माणसांची. जड गटांचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी केइजी सुझुकी यांना जवळ केले. ज्याच्याकडून आपण हरलो आणि ज्याने आपल्या अपयशाच्या वर्षी सुवर्ण जिंकले, त्याला बरोबरीच्या जागेवर बसवणे सोपे नसते. गोव्यातल्या दोन वर्गांच्या प्रशिक्षकांना एका मॅटवर आणताना काय होते ते मी अनुभवले आहे. शारीरिक तयारीची जबाबदारी त्यांनी निप्पॉन स्पोर्ट सायन्स विद्यापीठाचे तकाशी ओकादा यांच्याकडे दिली, आणि ओकादा हे शरीरसौष्ठवपटू. जुन्या जपानी ज्युदोत वजने उचलण्याकडे संशयाने पाहिले जाई, ताकद मॅटवरच मिळवावी असा समज होता. ज्या विषयात आपल्याला कमी कळते तो विषय दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचा मोकळेपणा चॅम्पियनमध्ये असतोच असे नाही.

दुसरी गोष्ट जगाकडे पाहण्याच्या दृष्टीची. मंगोलियन, जॉर्जियन, रशियन खेळाडू ज्युदोगी घालून आपापल्या देशी कुस्तीचे डाव खेळतात आणि 'हा ज्युदो नव्हे' म्हणून नाक मुरडत जपान हरत होता. इनोउए यांनी आपल्या खेळाडूंना मंगोलियन कुस्ती, साम्बो ही रशियन कुस्ती, ओकिनावाची पारंपरिक कुस्ती यांची ओळख करून घ्यायला लावली. हेतू हा की ती पकड आली तर ती कुठून आली हे कळावे. स्वतःची उचीमाता त्यांनी संघावर लादली नाही. त्यांच्या संघातले शोहेई ओनो, ताकानोरी नागासे, हिफुमी आबे हे तिघे एकमेकांसारखे खेळत नाहीत आणि इनोउए यांच्यासारखेही खेळत नाहीत.

तिसरी गोष्ट नाओहिसा ताकातो यांची. विसाव्या वर्षी, 2013 मध्ये, 60 किलो गटात जगज्जेता झालेला हा खेळाडू वेळ न पाळण्याबद्दल प्रसिद्ध होता. 2014 मध्ये रशियातील स्पर्धेच्या वेळी शिस्तभंग झाल्याने महासंघाने त्याचा दर्जा खाली आणला. इनोउए यांनी खेळाडूवर ओरडण्याऐवजी जबाबदारी आपली मानून स्वतःचे मुंडण केले. जपानमध्ये या कृतीचा अर्थ सगळ्यांना कळतो. आपल्याकडच्या सुतकातल्या मुंडणाशी त्याची गल्लत करू नये, तिथे ती चुकीची जाहीर कबुली असते. त्यानंतर ताकातो लगेच सुधारले, जिंकले असे घडले नाही. रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांना कांस्यावर समाधान मानावे लागले. 2017 आणि 2018 मध्ये ते पुन्हा जगज्जेते झाले आणि 24 जुलै 2021 रोजी टोकियो ऑलिंपिकमधील जपानचे पहिलेच सुवर्ण त्यांनी मिळवले. मुंडणापासून सुवर्णापर्यंत सात वर्षे गेली. आमच्याकडे सहा महिन्यांत फरक दिसला नाही तर मुलाला फुटबॉलला घालतात.

चौथी गोष्ट निवडीची. 66 किलो गटात जपानकडे हिफुमी आबे आणि जोशिरो मारुयामा असे दोन जगज्जेते होते आणि ऑलिंपिकला एकच जाऊ शकत होता. 13 डिसेंबर 2020 रोजी टोकियोतील कोदोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेत, प्रेक्षकांविना, दोघांची एकच निर्णायक लढत झाली. चार मिनिटांची नियमित वेळ संपली, पहिला गुण घेणारा जिंकतो असा सुवर्णगुणाचा काळ सुरू झाला आणि लढत एकूण 24 मिनिटे चालली. अखेर आबे जिंकले. त्याआधी, फेब्रुवारी 2020 मध्ये, इतर गटांची निवड जाहीर करताना इनोउए पत्रकारांसमोर रडले होते. निवड झालेल्यांची नावे वाचताना त्यांच्या डोळ्यांपुढे थोडक्यात राहून गेलेले खेळाडू होते. 2008 मध्ये बाहेर राहण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे, त्यालाच ती यादी वाचताना कंठ दाटेल.

आता निकाल. 2013 च्या जागतिक स्पर्धेत पुरुषांना तीन सुवर्णपदके मिळाली. रिओ 2016 मध्ये पुरुषांच्या सातही वजनगटांत पदक आले: ओनो आणि माशू बेकर यांची दोन सुवर्णे, एक रौप्य, चार कांस्य. टोकियोत सातपैकी पाच सुवर्णे आली: ताकातो, आबे, ओनो, नागासे आणि एरन वुल्फ.

श्रेय किती द्यावे

प्रकरण अभ्यास म्हणून लिहायचे तर हेही लिहायला हवे की हे सारे एका माणसाचे कर्तृत्व नव्हे. पाय हातांनी धरून पाडण्याच्या डावांवर आंतरराष्ट्रीय महासंघाने 2010 पासून बंधने आणली आणि 2013 पासून ते पूर्णपणे बंद केले. उभ्याने, सरळ पकड घेऊन फेकणाऱ्या जपानी शैलीला हा बदल अनुकूल होता, आणि इनोउए यांचा कार्यकाळ नेमका त्याच सुमारास सुरू झाला. टोकियोत ते यजमानही होते. शिवाय त्याच टोकियोत मिश्र सांघिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत फ्रान्सने जपानला 4-1 असे हरवले, म्हणजे सगळे कोडे सुटले होते असेही नाही. इनोउए यांच्यानंतर संघ सुझुकी यांच्याकडे गेला. पॅरिस 2024 मध्ये पुरुषांची सुवर्णे दोन, आबे आणि नागासे यांची. दोघेही इनोउए यांच्या काळात घडलेले. यावरून सुझुकी कमी पडले असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पाच सुवर्णांनंतरची दोन ही घसरण वाटते, शून्यानंतरची दोन ही चढण वाटली असती.

गोव्यात या विषयावर बोलताना मला ज्युदोपेक्षा गाण्याचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगुबाई कुर्डीकर, दोघीही अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या आणि दोघीही पहिल्या पंक्तीतल्या गायिका. केसरबाईंनी धोंडुताई कुलकर्णी यांच्याखेरीज कोणाला शिष्या म्हणून घेतले नाही. मोगुबाईंच्या हातून किशोरी आमोणकर, पद्मा तळवलकर, बबनराव हळदणकर असे निरनिराळ्या गळ्यांचे गायक घडले. यात केसरबाईंचे गाणे तसूभरही उणे ठरत नाही. गाणे आणि शिकवणे या दोन विद्या आहेत, एवढेच त्यातून दिसते, आणि ही गोष्ट गोव्यातल्या कोणत्याही घरात पटवून द्यावी लागत नाही. मॅटवर आलो की आपण ती विसरतो.

भारतीय ज्युदोतही निकालांचा पाठलाग करताना प्रशिक्षक कोण हे फारसे कोणी पाहत नाही. 2022 मध्ये मणिपूरची लिंथोई चानंबम 57 किलो गटात कॅडेट, म्हणजे अठरा वर्षांखालील, जगज्जेती झाली. कोणत्याही वयोगटात ज्युदोचे जागतिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. तिला घडवणारे जॉर्जियाचे मामुका किझिलाश्विली हे नाव आमच्या वर्गातल्या एकाही पालकाने ऐकलेले नव्हते. ते शिकवतात ते केंद्र विजयनगरला आहे. वास्कोहून सुटणारी अमरावती एक्सप्रेस होस्पेटवरून बळ्ळारीकडे जाताना त्याच्या जवळून जाते, इतके ते आपल्याला जवळ आहे.

फोंड्यातील प्रश्नाकडे

2011 च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास आहे. जपानची व्यवस्था इथे उचलून आणता येणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. 2023 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 37व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा आमची मुले प्रेक्षक म्हणून गेली आणि आठवडाभर उत्साह टिकला. त्यानंतर वर्गात पुन्हा तेच चाळीस जण, तेच मॅट, आणि जून लागला की त्या मॅटवर धरणारी तीच बुरशी. एका वजनगटात सरावाला दोन मुले मिळाली तरी आम्ही खूश असतो. अशा ठिकाणी मुख्य प्रशिक्षकाला शिकवण्याबरोबरच मॅट पुसणे, प्रवासाची तिकिटे काढणे, दहावीच्या वर्षी मुलाला थांबवू नका म्हणून घरी जाऊन समजावणे हेही करावे लागते. मॅटवर आकडे जपानीत मोजले जातात, इची, नी, सान. डाव मराठीत समजावला जातो आणि मुलाचे रडणे थांबवायचे असेल तर कोकणीच लागते. या तिन्ही भाषा आमच्या दुसऱ्या उमेदवारांना येतात. विद्यार्थिनीला पहिली उत्तम येते.

तिच्या बाजूने जे आहे तेही सांगायला हवे. 2021 मध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे ती दीड वर्ष बाहेर होती. परत आल्यावर तिने आपला डाव बदलला, उभ्याच्या फेकीऐवजी जमिनीवरच्या डावांवर भर दिला आणि पदक मिळवले ते त्यानंतरच. म्हणजे उतरण तिने पाहिली आहे आणि आपली पद्धत मोडून नव्याने उभी करण्याचे काम एकदा स्वतःवर केले आहे. तिच्याकडे नाहीत ती इनोउए यांची दोन ब्रिटिश वर्षे, जिथे नावाला किंमत नसते आणि प्रत्येक गोष्ट शब्दांत समजावून सांगावी लागते. आमच्याकडे तिला परदेशी पाठवायला पैसे नाहीत.

माझी शिफारस अशी आहे. येत्या जूनपासून मुख्य प्रशिक्षकपद एक वर्ष सहकाऱ्यांकडे राहावे. विद्यार्थिनीने त्या वर्षात सायंकाळचा पाच ते सहाचा, सात ते दहा वर्षांच्या मुलांचा गट घ्यावा. या वयाच्या मुलांना तिचा हुकमी डाव शिकवताच येत नाही, कारण गळा आणि सांधे दाबण्याचे डाव त्या गटात वर्ज्य आहेत. आणि तिला राष्ट्रीय पदक आहे की नाही याने त्या मुलांना काडीचा फरक पडत नाही. त्यांना फक्त एवढेच कळते की ताई पडायला शिकवताना भीती घालवते की वाढवते. आठवड्यातून एक दिवस तिने मोठ्यांच्या गटात सहकाऱ्यांच्या हाताखाली काम करावे, आणि वर्षाअखेर कोणत्या मुलाला कोणता डाव का दिला हे तिने लिहून समितीपुढे ठेवावे.

शिफारस तिला वाचून दाखवली तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "सर, छोट्यांचा गट सोमवारपासूनच घेऊ का? त्यातल्या दोघांना अजून मागे पडताना डोकं आत घेता येत नाही." मी होकार दिला. समितीचा निर्णय अजून व्हायचा आहे.